पिवळ्या रेशमाची माशी

पकडलेल्या ट्राउट माशाच्या ओठात माझ्या गळाशेजारी आणखी एक गळ होता, त्यावर आमिष म्हणून पिवळ्या रेशमाने बांधलेली खोटी माशी. वहिनींच्या शालूचं रेशीम उसवून अशा माश्या फक्त दादा बांधायचा. गेल्या वर्षी डोंगरकुरणातल्या ह्याच नदीने त्याला नेलं. तो सापडलाच नाही.

"ह्यांचीच माशी," काठावरून वहिनी पुटपुटल्या. "मला द्या, भाऊजी."

मी घाईने त्या गळाला हिसका दिला. मासा निसटला आणि गळ माझ्याच अंगठ्यात खोल रुतला.

तेव्हा कुठे त्या गळाला बांधलेली दोरी दिसली. ती प्रवाहाविरुद्ध वर गेली होती आणि हळूहळू ताठ होत होती. वळणापलीकडे दोरी गुंडाळणारं रीळ करकरू लागलं.

वहिनींनी पदर सावरला. "रिळाला तेल घाला म्हणून किती वेळा सांगितलं ह्यांना," त्या हसून म्हणाल्या.