तळहातातली किल्ली

राखणीसाठी नेमलेल्या यंत्राला मालकाचे भय कळत नाही. परंतु त्याबद्दल त्याला दोष देणे न्याय्य नव्हे.

त्र्यंबकरावांनी स्टिअरिंगवर उजवा हात ठेवला. त्या तळहातात रुजवलेल्या चिपला गाडीने नित्याचा सांकेतिक प्रश्न विचारला. मात्र शेजारी बसलेल्या वसुमतीबाईंनी यजमानांचा डावा हात घट्ट धरला होता, आणि इतक्या जवळ आलेल्या वसुमतीबाईंच्या तळहातातील चिपनेही त्याच क्षणी उत्तर दिले. दोन्ही उत्तरे एकमेकांत मिसळली. गाडी स्तब्धच राहिली.

"वसू, क्षणभर हात सोड."

"सोडला की मी उतरून घरात जाईन. मग करून घ्या तुमच्याच हृदयाची शस्त्रक्रिया!"

इस्पितळात वसुमतीबाईंच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी डॉक्टर खोळंबले होते. आपली चिप गाडीच्या टप्प्याबाहेर राहावी म्हणून त्र्यंबकरावांनी उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि डाव्या हाताने पत्नीचा हात अलगद स्टिअरिंगवर नेला.

"मग आज तूच उत्तर दे."

"अहो, घाबरलेली मी, आणि गाडीही मीच चालू करायची?"

"घरात तुझेच चालते. गाडीत का नको?"

वसुमतीबाईंना हसू आवरेना. त्यांच्या एकट्या उत्तराने गाडी सुरू झाली, आणि उतरण्याचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्या उभयतांचे मंगल होवो. परतीच्या वाटेवरही त्यांना परस्परांची सोबत लाभो.