औषधांची वही

आई गेल्याच्या एकोणपन्नासाव्या दिवशी भिक्षू सूत्रं म्हणून गेले आणि बाबा चहा ओतत म्हणाले, "चार डॉक्टर बदलले, एकालाही तिच्या नैराश्यावर औषध सापडलं नाही." "तू काही कमी केलं नाहीस, दादा," आत्या म्हणाली. मी आईची औषधांची वही उघडली. औषधांच्या दुकानातून मिळणारा प्रत्येक औषधाचा स्टिकर तीत चिकटवायचा, म्हणजे पुढच्या डॉक्टरला आधीचं सगळं कळतं. रक्तदाबाला अब्रू असते, त्याचे स्टिकर जागेवर होते. नैराश्याची पानं कोरी. "मीच काढले, सायोको. त्या गोळ्या मी शहरातून आणायचो, पण वही गावातल्या एकुलत्या एक दुकानात दाखवावी लागते. घराण्याला वेडाचा डाग कशाला?" बाबा म्हणाले. म्हणून प्रत्येक नव्या डॉक्टरने तीच, लागू न पडलेली गोळी पुन्हा दिली. आई ती मुकाट्याने गिळत राहिली. "नखांनी खरवडलेत?" मी विचारलं. "छे, तिच्याच हेअर ड्रायरने गरम करून. एकही पान फाटू दिलं नाही."