बाह्यांच्या पिशव्या

"चारशे वर्षं? आन् मोजायला कोण बसलं होतं बे?"

रामकिसनने हे पेंटरला विचारलं. पेंटर रामकिसनच्याच किराणा दुकानाच्या भिंतीवर अक्षरं काढत होता: 'प्लास्टिक चारशे वर्षं कुजत नाही. कापडी पिशवी वापरा.' मजकूर ग्रामपंचायतीचा होता. रंग सरपंचांच्या घराला देऊन उरलेला होता.

"सोमवारपासून पाली गावात कॅरीबॅग बंद," मागे उभे असलेले सरपंच आबासाहेब म्हणाले. "तुझ्यापासून सुरुवात."

"माझ्यापासून कावून?"

"गावातल्या निम्म्या पिशव्या तुझ्या. गाठीवरून वळखू येतात."

हे खरंच होतं. कॅरीबॅगचं तोंड दोनदा पिळायचं, शेपूट फिरवून आत खुपसायचं आणि हिसका द्यायचा, ही रामकिसनची गाठ. साखरेचा दाणा सांडायचा नाही, पण घरी गेल्यावर ती गाठ कुणाच्या बापाला सुटायची नाही. बायका दाताने ओढून बघायच्या आणि मग मुकाट्याने कात्री शोधायच्या. बायडाबाई तर तोंडावर म्हणायची, "लग्नात उपरण्याला अशी गाठ मारली असतीस, तर बायको माहेरी पळाली नसती."

सोमवारी कापडी पिशव्या आल्या. त्या वनमालाने शिवल्या होत्या.

वनमाला ही सटवाची बायको, आणि सटवा रामकिसनचा दुकानातला भागीदार. तीन वर्षांपूर्वी सटवा पुण्याला काम बघतो म्हणून गेला, तो गेलाच. रामकिसनने त्याला पहाटेच्या एसटीत बसवून दिलं होतं. अंगात चॉकलेटी रेघांचा सदरा, तिसरं बटण हिरवं. खिडकीतून हात हलवला. पोलीस चौकीत रामकिसनने हेच सांगितलं होतं, आणि कुणी विचारलं की अजूनही शब्द न चुकता हेच सांगायचा. तेव्हापासून दर महिन्याला तो वनमालाच्या घरी किराणा पोचवत होता. सख्खा दीर करणार नाही एवढं करतो, असं गाव म्हणायचं.

पिशव्या सटवाच्या सदऱ्यांच्या होत्या. खालचा घेर शिवून टाकलेला, गळा कापून तोंड मोठं केलेलं, आणि दोन्ही बाह्या एकमेकींना जोडून धरायला बंद. पुढचा खिसा तसाच, बटणंही तशीच.

रामकिसन बघतच राहिला. "वैनी, सगळेच कापले? उद्या तो आला तर घालंल काय?"

"ज्यात गेलेत, त्यातच येतील की," वनमाला म्हणाली. "तेवढा एकच राहिलाय, भाऊजी."

आठवडाभरात सटवा गावात हिंडू लागला. बायडाबाई त्याच्या दोन्ही बाह्या धरून त्याला बाजारात न्यायची. सुंदरबाई त्याच्या खिशात सुट्टे पैसे ठेवायची. पिशवी दुकानाच्या फळीवर टेकवली आणि रामकिसन तिच्यात साखर ओतायला लागला, की सदऱ्याचं पोट हळूहळू भरायचं, खांदे वर यायचे, आणि तो समोर ताठ उभा राहायचा. फक्त डोकं नसायचं.

उरलेल्या सात पिशव्या दुकानात खिळ्याला टांगल्या होत्या. पंख्याच्या वाऱ्याने बाह्या हलायच्या. रामकिसनने पंखा बंद केला. एप्रिल महिना होता. गिऱ्हाईक घामाने निथळत उभं राहायचं, पण पंखा बंद.

शेवटी त्याने बीडहून पन्नास कोऱ्या पिशव्या आणल्या. "जुन्या परत करा, नव्या फुकट न्या," म्हणाला. एकही आली नाही. खिशाची पिशवी बायकांना सोयीची वाटत होती.

"कावून मागं लागलास रे?" बायडाबाईने विचारलं.

"मित्र होता मावशी. बघवत न्हाई."

हे बोलताना त्याचा आवाज खरोखर कापला. बायडाबाईने पदर डोळ्याला लावला. पिशवी मात्र दिली नाही.

मे महिन्यात गावालगतचं बिंदुसरा नदीचं धरण आटत आटत तळाला गेलं. कधी नव्हे ती उघडी पडलेली जमीन दिसायला लागली आणि तिच्यावर गावाच्या बारा वर्षांच्या कॅरीबॅगा. आबासाहेबांनी बचत गटाच्या बायकांना सफाईला काढलं. रामकिसन स्वतः उठून आबासाहेबांकडे गेला.

"बायांना उन्हात कशाला पाठवता? मी ट्रॅक्टर लावतो, दोन गडी घेतो, माझा मी साफ करतो. न्हाई तर राहू द्या. पाऊस आला की झाकलं जाईल समदं."

"तुला आत्ता गावाची लई काळजी लागली," आबासाहेब खूश होऊन म्हणाले. बायका दुसऱ्याच दिवशी सकाळी गेल्या. वर्तमानपत्रात फोटो आला. फोटोत वनमाला चिखलात वाकलेली होती.

त्यानंतर चौथ्या दिवशी, भर दुपारी, दुकानात कुणी नसताना वनमाला आली.

"साखर द्या भाऊजी, दोन किलो."

रामकिसनने माप साखरेत घातलं. तिने पिशवी फळीवर ठेवली. ही पिशवी नुकतीच शिवलेली होती. चॉकलेटी रेघा जरा विटल्या होत्या. तिसरं बटण हिरवं होतं.

माप साखरेतच राहिलं.

"कापड चांगलं राहिलंय," वनमाला म्हणाली. "आत दगड होते, पण पाणी शिरलं न्हवतं. भिंतीवर लिवलंय ते खरं हाय."

तिने पिशवीत हात घालून एक जुनी निळी कॅरीबॅग काढली आणि तराजूच्या पारड्यात ठेवून हाताने नीट सपाट केली.

"गाठ काही सुटंना, भाऊजी," ती म्हणाली. "बाजूनं कापावी लागली."