तिरका स्क्रू

विसरण्याचा आजार जडलेले बाबा घरातून निघून गेले, तेव्हापासून आई दाराला कडी न लावताच झोपायची. लेक भंगाराच्या गोदामात एक्स-रे यंत्रावर धातू ओळखायची.

आज विद्युतदाहिनीतून पोतं आलं, बेवारस मृतांच्या राखेत उरलेल्या धातूचं. तिने त्यातली एक पट्टी यंत्रात ठेवली. सॉफ्टवेअरने क्षणात नाव लावलं : टायटॅनियम.

"लॉटरीच लागली की, ताई," मालक म्हणाले. "कुणाच्या तरी पायातली दिसते."

तिने पट्टी उलटी केली. एक स्क्रू तिरका बसला होता.

पायाचा एक्स-रे दाखवत बाबा हसायचे, "डॉक्टरांनीच स्क्रू तिरका पिळलाय, मग मी सरळ कसा चालणार?"

तिने घरी फोन लावला.



"आई, आज कडी लावून झोप."