अभयाचा कागद

लेफ्टनंट ॲशकम्ब इनॉक पेटिटच्या फाटकाशी पोचला, तेव्हा जर्मन शिपाई गाय घेऊन बाहेर पडत होते. म्हातारा इनॉक त्यांच्या मागे बर्फातून अनवाणी धावत होता आणि हातातला कागद उंच धरून ओरडत होता, "अरे, वाचा तरी! एकदा वाचा तरी!"

ॲशकम्बने कागद लांबूनच ओळखला. त्याच्याच हातचा होता. इनॉक पेटिट हा राजाचा इमानी प्रजाजन आहे, त्याच्या घरादाराला, गुराढोरांना कोणी हात लावू नये, असं तीन आठवड्यांपूर्वी त्यानेच लिहून खाली शिक्का मारून घेतला होता. अमेरिकेतल्या वसाहती राजाविरुद्ध उठल्यापासून न्यू जर्सीभर असे शेकडो कागद वाटले होते, सगळे इंग्रजीत. भाड्याने आणलेल्या जर्मन पलटणींना इंग्रजीचं अक्षर कळत नाही, हे एवढ्या मोठ्या साम्राज्यात कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ॲशकम्बच्याही नाही.

"गाय सोडा," तो म्हणाला.

जर्मन सार्जंटने कागद घेतला, उलटासुलटा करून पाहिला, शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि अगदी सभ्यपणे परत दिला. "आमचा कर्नल. हुकूम. चार गाय." त्याने चार बोटं दाखवली. "ही चौथी."

"मी राजाचा अधिकारी आहे!"

सार्जंटने खाडकन सलाम ठोकला. सलामात कसलीही कसूर नव्हती. मग तो गाय घेऊन चालता झाला. एका गाईसाठी आपल्याच बाजूच्या माणसांवर बंदुका रोखायच्या कशा? ॲशकम्बने त्यांना जाऊ दिलं.

तसा तो गाईसाठी आलाच नव्हता. त्याच्यामागे तीन गाड्यांत तापाने फणफणलेली माणसं होती आणि दिवस बुडायच्या आत त्यांना ओढ्यापार न्यायचं होतं. ओढ्यावर दोन पूल. त्यातला एक बंडखोरांनी तोडून ठेवलाय आणि तिथेच ते दबा धरून बसलेत, एवढं कळलं होतं. कुठला, ते कळलं नव्हतं. नऊ घरांची दारं ठोठावून झाली, एकही उघडलं नाही. फक्त इनॉकच्या दारावर राजाच्या नावाची लाल चिंधी खिळ्याला लटकत होती.

"काका, कुठला पूल शाबूत आहे? डावीकडचा, गिरणीचा? की उजवीकडचा, चर्चचा?"

इनॉक धापा टाकत होता. उत्तर दिलं ते दारातून त्याच्या बायकोने, मर्सीने.

"विचारा, विचारा! राजनिष्ठेची शपथ घ्यायला हे आठ मैल चालत गेले तुमच्या छावणीत. तेव्हापासून चिमूटभर मीठ मागायला आम्हाला गावात घर उरलं नाही."

"भरपाई मिळेल, बाई. मी अर्ज लिहून देतो."

"म्हणजे आणखी एक कागद?"

ॲशकम्बच्या कानशिलांना झोंबलं. मागून कॉर्पोरल ग्रिग्ज पुटपुटला, "साहेब, ऊन चाललं."

"काका, पुलापर्यंत पुढे चालता का? गाड्यांत आजारी माणसं आहेत हो."

"मागच्या आठवड्यात विचारलं असतंत, तर कंदील घेऊन पुढे चाललो असतो." इनॉकने आपल्या निळ्या पडलेल्या पावलांकडे पाहिलं. "जोडे गाईच्या आधी गेले, साहेब."

आपले बूट काढून द्यावेत, असं ॲशकम्बला क्षणभर वाटलं. क्षणभरच.

"गाडीत टाकून नेऊ का म्हाताऱ्याला?" ग्रिग्जने विचारलं.

"आपला माणूस आहे तो, ग्रिग्ज. मुसक्या बांधून नेणार?"

"आपला?" ग्रिग्ज हसला. "बघा बुवा. वाट केवढीशी आहे, दोन्ही अंगांना चर. एकदा आत शिरलं की गाडी मागे वळायची नाही."

हे ॲशकम्बलाही दिसत होतं. त्याने पुन्हा इनॉककडे पाहिलं. म्हाताऱ्याने हातातल्या कागदाची सुरळी केली, सावकाश, कडा जुळवून. मग त्याच सुरळीने डावीकडे दाखवलं.

"गिरणीचा."

ॲशकम्बने त्याचे डोळे निरखून पाहिले. थंडीने पाणी आलं होतं त्यांत, बाकी काही वाचता येत नव्हतं. शपथेवर सांगा, असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. शपथ एकदा घेऊन झाली होती.

तेवढ्यात मर्सीने दारावरची चिंधी ओढली. खिळ्याला अडकून ती टर्रकन फाटली, तशी तिने उरलेलीही फाडून दोन तुकडे केले. फाटकाशी येऊन ती बर्फातच खाली बसली, नवऱ्याचं एक पाऊल मांडीवर घेतलं आणि गुंडाळायला लागली.

"साहेब," ग्रिग्ज हलक्या आवाजात म्हणाला, "खरं बोलला असेल का हो?"

गाडीतून कोणीतरी पाणी मागत होतं. ओढ्याच्या अंगाने झाडं काळी पडायला लागली होती.

"मला काय विचारतोस?" ॲशकम्ब म्हणाला. "वळव डावीकडे."

एकामागून एक तिन्ही गाड्या वाटेत शिरल्या. ॲशकम्बने मागे वळून पाहिलं, तेव्हा मर्सी दुसऱ्या पायावर राजाची चिंधी आवळून गाठ मारत होती आणि म्हातारा गाड्यांकडे नाही, त्या गाठीकडे बघत होता.