हात धुऊन या

सरकारने जाहीर केलेला बोनस घ्यायला ती नर्स खिडकीशी आली, पण यंत्र काही केल्या तिचा अंगठा ओळखेना. साथीच्या काळात जोडीच्या नर्स अक्काबरोबर आयसीयू सांभाळताना हात धुऊन धुऊन बोटांची कातडी पार गुळगुळीत झाली होती. "सिस्टर, हात स्वच्छ धुऊन या, मग लागेल," कारकून म्हणाला. ती बेसिनपाशी गेली. तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, थेट कोपरापर्यंत. वॉर्डात धुवायची तसेच सवयीने धुतले. नळही कोपरानेच बंद केला. ओले हात छातीसमोर उभे धरून ती खिडकीशी परतली आणि नुसती थांबून राहिली. "ठेवा की अंगठा." "थांबा जरा. अक्का हातमोजे चढवेल." साथीत गेलेल्या अक्काच्या बोनससाठी तिच्या मुलीने मघाशीच वारस म्हणून अंगठा ठेवला होता. तो पहिल्याच झटक्यात लागला होता.