जाड-बारीक

वर्ध्याच्या विणकाम शाळेत गुरुजींनी सुनीतीच्या नक्षीचा कागद परत केला. "मोर पैठणचे, कुयऱ्या काश्मीरच्या. यात तुझ्या घरचं काय आहे?"

सेलूजवळच्या तिच्या घरी दोन चुलत्या होत्या. वाटण्या झाल्यापासून त्यांनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. एकाच ओसरीवर पाठीला पाठ लावून सूत कातत बसायच्या. रुख्माबाई, म्हणजे मोठीमाय, हिचं सूत जाड; आनंदाकाकूचं केसासारखं बारीक. दोघींनीही पोरीला शाळेसाठी आपापलं सूत दिलं होतं. पण दोन वेगळ्या हातांनी कातलेलं सूत एका मागावर चढवलं की कापड सारखं येत नाही, म्हणून शाळेत त्याला सक्त मनाई.

सुनीतीनं नेमकं तेच चढवलं. एक पट्टा जाड, एक बारीक. रंगाचा ठिपका नाही, पण कापड उन्हात धरलं की उजेड पट्ट्यापट्ट्यांनी उतरायचा. गुरुजींनी ते दोनदा खिडकीशी नेलं आणि म्हणाले, "हं, आता हे तुझं."

सुट्टीत तिनं ते ओसरीवर मोठीमायपुढं पसरलं. मोठीमायचं बोट आपल्या पट्ट्यावरून फिरलं, शेजारच्यावर गेलं आणि थबकलं.

"मले तिच्या बाजूले काऊन बसवलं वं?"

"एकटं लावलं तं दोघींचंही दिसतच नाई, मोठीमाय."

मोठीमाय बराच वेळ हात फिरवत राहिली. मग मागं न वळता, मोठ्यानं म्हणाली, "सूत चांगलं कातते ती. सांगजो तिले."

पाठीमागचा चरखा थांबला.

"आयकू आलं म्हनाव."